डोळा, नाक आणि मेंदू यांच्यामधली भिंत

आज बोलूया लहान मुलांच्या कवटीतल्या एका अवघड कोपऱ्याबद्दल. डोळ्याची खोबण, नाकाचं छत आणि मेंदूची बैठक तिथे एकमेकांना लागून असतात. मधलं हाड काही ठिकाणी कागदाइतकं पातळ असतं.

काही बाळांच्या या हाडात जन्मतःच भोक राहतं. त्यातून मेंदूचं आवरण, कधी मेंदूचा भागही, नाकाच्या मुळाशी फुग्यासारखा बाहेर येतो. बाळ रडलं की फुगा ताणला जाऊ शकतो. डोळ्यांमधलं अंतरही वाढतं. वरून साधी गाठ वाटते, पण तिला सुई टोचली तर मेंदूभोवतीचं पाणी झिरपतं आणि जंतूंना आत शिरायला वाट मिळते.

याच भीतीमुळे सर्जन इथे हात घालायला कचरत. 1960च्या दशकात पॅरिसजवळच्या फॉश रुग्णालयात प्लास्टिक सर्जन पॉल तेसिए यांनी मेंदूचे सर्जन झेरार गियो यांना सोबत घेतलं. आधी मृतदेहांवर सराव केला. मग कवटी वरून उघडून, मेंदू जपून, दूर गेलेल्या खोबणी हाडासकट जवळ आणल्या. 1967 मध्ये रोमच्या परिषदेत त्यांनी हे मांडलं, तेव्हा जगभरचे सर्जन थक्क झाले. त्याच वर्षी तेसिएंनी निरनिराळ्या शाखांच्या तज्ज्ञांना बोलावून शस्त्रक्रिया दाखवल्या आणि विचारलं, हे काम पुढे न्यावं का? उत्तर होकारार्थी आलं.

पुढे 1970च्या दशकात सीटी स्कॅन आलं आणि हाडातलं भोक आधीच दिसू लागलं. नंतर नाकावाटे दुर्बीण घालून ते बुजवता येऊ लागलं.

आता आपल्या जबलपूरकडे येऊ. 1956 पर्यंत हे शहर नागपूर राजधानी असलेल्या प्रांतात होतं. नागपूरला मेडिकल कॉलेज 1947 मध्ये सुरू झालं, जबलपूरला 1955 मध्ये. याच जबलपूरच्या कॉलेजात डॉ. वाय. आर. यादव यांनी दुर्बिणीने मेंदूच्या शस्त्रक्रिया करण्याचं मोठं काम उभं केलं.

तेव्हा सिव्हिल लाइन्समधल्या असोत की खेड्यातल्या, आईबाबांनी एवढं लक्षात ठेवावं: नाकाच्या मुळाशी किंवा डोळ्याच्या कोपऱ्यात जन्मापासून गाठ असेल, तर स्कॅनशिवाय कुणालाही ती टोचू किंवा कापू देऊ नका. मेंदूचे, डोळ्यांचे आणि नाक-कान-घशाचे डॉक्टर एकत्र बसून ठरवतील अशा ठिकाणी बाळाला न्या.