बांधावरचा वावळ आणि त्याच्या नावाची भानगड



गेल्या उन्हाळ्यात आमच्या घरात शिवेवरच्या वावळावरनं बरीच वादावादी झाली. चुलत्यांचं म्हणणं असं की झाडाच्या सावलीनं उसाच्या चार सऱ्या बारीक राहतात, काढून टाकू. ते खोटं नाही, सऱ्या बारीक राहतात. मी म्हटलं, काढायचंच असंल तर आधी अर्ज करू. अर्ज लिहून देणाऱ्यानं झाडाचं नाव विचारलं. "वावळ." त्यानं मोबाइलवर कायतरी शोधलं आणि कागदावर लिहिलं, 'ऐनसादडा'.

त्याची चूक म्हणता येत नाही. वनस्पतींच्या काही याद्यांत वावळाला मराठी नावं दिलीत ती वावळ, वावळा, पापडा आणि ऐनसादडा. पण सादडा म्हणजे आपला ऐन, हे वेगळंच झाड. महाराष्ट्रात १९६४ चा झाडं तोडण्यावर नियंत्रण ठेवणारा कायदा आहे. त्याच्या अनुसूचीत साग, आंबा, चिंच, जांभूळ, हिरडा, मोह, खैर यांच्यासोबत ऐन आहे. वावळ त्यात नाही. म्हणजे एका नावानं झाड अनुसूचीत बसतं, दुसऱ्या नावानं बाहेर पडतं. झाड तेच, बांध तोच.

फरक ओळखायला सोपा आहे. ऐनाची साल मगरीच्या पाठीसारखी खोल भेगाळलेली, फळाला पाच पंख. वावळाची साल राखाडी, तिचे ढलपे निघतात. पानाला कडेनं दाते नाहीत. पान चुरगाळून नाकाशी न्या, असा वास येतो की परत कधी विसरणार नाही. आणि फळ म्हणजे मधे एक बी, भोवतीनं गोल पातळ पापुद्रा, रुपयाएवढा. चैत्र-वैशाखात वारं सुटलं की हे पापड रानभर उडत जातात. पापडा नाव त्यावरनंच पडलं असावं. लहानपणी आम्ही पापुद्रा सोलून आतलं बी खायचो.

आता हे झाड म्हणजे खरं तर आपल्याकडचा एल्म. युरोपात एल्म म्हणजे गावोगावच्या रस्त्याकडेचं झाड होतं, आपल्याकडं जसा वड. विसाव्या शतकात सालीतल्या भुंगेऱ्यांनी पसरवलेल्या बुरशीनं तिकडचे कोट्यवधी एल्म वाळून गेले. पण वावळ एल्म आहे का नाही, यावर जाणत्या माणसांचं एकमत व्हायला बराच काळ गेला.

सुरुवात विल्यम रॉक्सबर्गपासनं. हा स्कॉटिश डॉक्टर ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीत होता. आजच्या आंध्रातल्या समालकोटला त्यानं झाडं लावली, मिरी-नीळ करून बघितली आणि हिंदी चित्रकारांकडनं शेकडो वनस्पतींची चित्रं काढून घेतली. त्या चित्रकारांची नावं बहुतेक कुणी लिहून ठेवली नाहीत. झाडाच्या नावापुढं रॉक्सबर्गचं नाव आजही लागतं, पान हातात धरून दिवसभर रंगवणाऱ्याचं नाही. कोरोमंडल किनाऱ्यावरच्या वनस्पतींच्या त्याच्या मोठ्या ग्रंथाचा पहिला खंड १७९५ ते १७९८ मध्ये लंडनला निघाला. त्यात हे झाड आलं आणि नाव पडलं 'उल्मस इंटेग्रिफोलिया'. उल्मस म्हणजे एल्म, इंटेग्रिफोलिया म्हणजे अखंड कडेच्या पानाचा.

रॉक्सबर्गनं एल्म का म्हटलं, ते फळ बघितलं की कळतं. एल्मलाही असंच पंखवालं चपटं फळ येतं. फुलंही तशीच बारीक, पाकळ्या नसलेली, पानगळ झालेल्या फांदीवर येणारी. पण खऱ्या एल्मच्या पानाला करवतीगत दाते असतात आणि पानाचा बुडखा एका बाजूला कलता असतो. वावळाचं पान गुळगुळीत कडेचं, बुडाशी बऱ्यापैकी सारखं. शिवाय वावळाच्या एकाच घोसात काही फुलं नुसती नर आणि काही दोन्ही लिंगांची निघतात. नावातच रॉक्सबर्गनं शंकेला जागा ठेवली होती, असं मला वाटतं.

पन्नास वर्षांनी झ्यूल एमिल प्लँशाँ या फ्रेंच माणसानं ती शंका पुढं नेली. १८४८ साली त्यानं हे झाड एल्मच्या घरातनं वेगळं काढलं आणि नवीन प्रजाती मांडली, होलोप्टेलिया. ग्रीकमध्ये होलोस म्हणजे अखंड, प्टेलिया म्हणजे एल्म. म्हणजे घर वेगळं केलं, आडनाव तेच ठेवलं. या प्रजातीत जगात दोनच जाती धरतात. एक आपला वावळ, दुसरी पार आफ्रिकेत.

द्राक्षबागायतदारांनी इथं जरा थांबावं. हाच प्लँशाँ १८६८ साली दक्षिण फ्रान्समधल्या वाळत चाललेल्या द्राक्षबागेत गेला, वेली उपटून मुळ्या तपासल्या आणि त्याला व सोबत्यांना मुळीवर फिलॉक्सेरा ही कीड सापडली. पुढं अमेरिकन वेलींच्या खुंटावर युरोपची द्राक्षं कलम करायची, या मार्गाचा तो मोठा पुरस्कर्ता झाला. आपल्या तासगाव-पलूस भागात ज्या डॉगरिज खुंटावर बागा उभ्या आहेत, तो टेक्सासमधल्या व्हायटिस शांपिनी या वेलीतनं निवडलेला. त्या वेलीला शास्त्रीय नाव देणाराही प्लँशाँच. म्हणजे बांधावरच्या वावळाच्या आणि बागेतल्या खुंटाच्या नावामागं माणूस एकच. हे कळलं त्या दिवशी मी बागेत जाऊन उगीचच खुंटाकडं बघत बसलो होतो.

वाद मात्र तिथं मिटला नाही. आता प्रश्न कुळाचा. बेंथम आणि हूकर यांच्या पद्धतीत एल्मचं सगळं गणगोत खाजऱ्या वनस्पतींच्या मोठ्या कुळात घातलं होतं, वड, फणस, तुती, भांग यांच्याच पंगतीत. हूकरच्या ब्रिटिश भारताच्या वनस्पतिग्रंथात, १८८८ च्या सुमारास, वावळ तिथंच बसलेला दिसतो. इतर शास्त्रज्ञ एल्मचं कूळ स्वतंत्र धरत. नंतर डीएनए तपासायचे दिवस आले. एल्मच्या कुळात धरलेल्या सेल्टिस आणि ट्रेमा या प्रजाती भांगेच्या नात्यातल्या निघाल्या, त्यांना तिकडं पाठवलं. वावळ मात्र एल्मच्याच कुळात पक्का राहिला. रॉक्सबर्गचा अंदाज निम्मा खरा ठरला, प्लँशाँचा पूर्ण.

वैद्यकीत आणखी एक भांडण. चरकसंहितेत लेखनीय आणि भेदनीय अशा दोन गणांत 'चिरबिल्व' येतो. केरळातले वैद्य चिरबिल्व म्हणजे हेच झाड धरतात. पण निघंटूंत चिरबिल्व, पूतिकरंज, नक्तमाल ही नावं एकमेकांत अशी गुंतलीत की कुणी चिरबिल्व म्हणजे करंज म्हणतं, कुणी पूतिकरंज म्हणजे सागरगोटा. पूति म्हणजे दुर्गंधी. वावळाचं पान चुरगाळलेला माणूस कुठल्या बाजूला मत देईल, हे सांगायला नको. पण वासावरनं औषध ठरत नाही, तेव्हा सालीचा काढा घरी करून बघू नका.

आमच्या कुंडलचंही असंच आहे म्हणा. आधी औंध संस्थानात. संस्थान विलीन झालं, १९४९ ला दक्षिण सातारा जिल्हा झाला, १९६० ला त्याचं नाव सांगली पडलं. तालुका तासगाव होता, आता पलूस. आजोबांच्या कागदावरचा पत्ता आणि माझ्या कागदावरचा पत्ता जुळत नाही, विहीर मात्र तीच.

वावळाची दुसरी बाजूही सांगतो, नाहीतर मी एकांगी लिहितो म्हणाल. लाकूड फिकट पिवळं, मध्यम वजनाचं, पण बुरशी आणि किड्याला लवकर बळी पडतं. गाडीच्या किरकोळ भागांना, जळणाला आणि कोळशाला चालायचं, त्यामुळं मुद्दाम कुणी लावला नाही. फुलोऱ्यात परागकण हवेत खूप उडतात आणि उत्तर भारतात ॲलर्जीच्या मोठ्या कारणांत याचं नाव घेतात. दम्याचा माणूस घरात असंल तर दाराशी वावळ नको. लांब बांधावर, ओढ्याच्या काठाला ठीक. आमच्या शिवारात मी मोजले, तीन राहिलेत.

तर अर्जाचं काय झालं? मी तो फाडला आणि नवीन लिहून घेतला, नाव 'वावळ', कंसात होलोप्टेलिया इंटेग्रिफोलिया, देवनागरीतच. लिहिणारा म्हणाला, एवढं मोठं नाव रकान्यात बसत नाही. चुलत्यांनी ते बघितलं, हसले, म्हणाले ठेव आता एक वर्ष. उत्तरेच्या बाजूच्या दोन फांद्या तेवढ्या छाटल्या, उसाला ऊन मिळालं.

यंदा वैशाखात बी गोळा करणार आहे. पापुद्रा तपकिरी झाला की झाडाखाली जुनं लुगडं अंथरायचं आणि फांदी हलवायची. बी लांबवर ठेवलं की उगवण घटते, म्हणून लगेच पिशवीत, वर अर्धा बोट माती. ज्यांना पाहिजे त्यांनी पंधरा मेच्या आत निरोप द्या, पिशवी ज्याची त्यानं आणायची.