साहाय्यक भाषा शिक्षक (जपान)

साहाय्यक भाषा शिक्षक हे जपानमधील शाळांत परकीय भाषेच्या, मुख्यत्वे इंग्रजीच्या तासाला जपानी शिक्षकाच्या जोडीने काम करणाऱ्या परदेशी व्यक्तीचे पद होय. अध्यापनाचा अनुभव नसलेल्या पदवीधरांना परदेशात इंग्रजी शिकवण्याचे काम मिळण्याचा हा एक रुळलेला मार्ग आहे.

पार्श्वभूमी

१९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात अमेरिका व ब्रिटनमधील पदवीधरांना जपानी शाळांत बोलावण्याच्या दोन लहान योजना होत्या. त्यांच्या जागी १९८७ मध्ये 'जपान एक्सचेंज अँड टीचिंग' म्हणजेच जेट हा शासकीय कार्यक्रम सुरू झाला. पहिल्या वर्षी चार देशांतून ८४८ जण आले. २००२ च्या सुमारास ही संख्या सहा हजारांवर गेली. २०२० पासून प्राथमिक शाळेच्या पाचव्या व सहाव्या इयत्तांत इंग्रजी हा रीतसर विषय झाला.

पात्रता

जेटसाठी कोणत्याही विषयाची पदवी चालते. अध्यापनाचा परवाना किंवा जपानी भाषेचे ज्ञान अनिवार्य नाही. अर्ज स्वदेशातील जपानी वकिलातीमार्फत करावयाचा असतो. करार एक वर्षाचा असून तो जास्तीत जास्त पाच वर्षांपर्यंत वाढवता येतो. उमेदवार पसंतीचे ठिकाण कळवू शकतो, परंतु ते मिळेलच असे नाही. अनेकांची नेमणूक खेड्यांत व लहान गावांत होते.

अनुभवाची अट नसण्यामागे या पदाची रचना आहे. वर्गाची जबाबदारी, मूल्यमापन व शिस्त परवानाधारक जपानी शिक्षकाकडे राहते. साहाय्यकाने उच्चार, संभाषण आणि खेळांद्वारे सराव घ्यावा अशी अपेक्षा असते. प्रत्यक्षात मात्र कामाचे स्वरूप शाळेगणिक बदलते. कोठे साहाय्यक केवळ धडा मोठ्याने वाचून दाखवतो, तर प्राथमिक शाळेत पुष्कळदा सारा तास त्यालाच चालवावा लागतो. अननुभवी व्यक्तीला हे दुसरे काम अर्थातच अधिक जड जाते.

कंपन्यांमार्फत नेमणूक

अनेक शिक्षण मंडळे खर्च वाचवण्यासाठी खाजगी कंपन्यांकडून साहाय्यक घेतात. अशा नोकरीत वेतन बहुधा जेटपेक्षा कमी असते. काही ठिकाणी करार 'काम सोपवण्याचा' असतो. त्यात साहाय्यकाला सूचना देण्याचा अधिकार शाळेला नसून केवळ कंपनीला असतो. त्यामुळे ज्या जपानी शिक्षकासोबत शिकवायचे, त्यानेच वर्गात काही सांगितले तर कराराचा भंग ठरू शकतो. सहअध्यापनाच्या कल्पनेशी हे उघडच विसंगत आहे.

शाळांबाहेरील खाजगी संभाषणवर्गांतही नवख्यांना काम मिळते. तेथील जोखीम २००७ मध्ये दिसून आली. त्या वर्षी ऑक्टोबरमध्ये 'नोवा' ही या क्षेत्रातील सर्वांत मोठी साखळी कोसळली आणि हजारो परदेशी शिक्षकांचे वेतन थकले. अनेकांची घरेही कंपनीमार्फत घेतलेली असल्याने नोकरीबरोबर निवाराही धोक्यात आला.

इंग्रजी मातृभाषा नसलेले उमेदवार

इंग्रजीभाषक देशांबाहेरील अर्जदाराकडे सामान्यतः बारा वर्षांचे शिक्षण इंग्रजी माध्यमातून झाल्याचा पुरावा मागितला जातो. त्यामुळे मराठी माध्यमात शिकून पुढे इंग्रजी साहित्याची पदवी घेतलेला उमेदवार, त्याचे इंग्रजी कितीही चांगले असले तरी, या निकषावर मागे पडू शकतो. इंग्रजी माध्यमात शिकलेल्यांनी शाळेकडून माध्यमाचा स्पष्ट उल्लेख असलेले प्रमाणपत्र अर्जापूर्वीच घेणे आवश्यक ठरते. केवळ गुणपत्रिकेवरून माध्यम सिद्ध होतेच असे नाही.