हार्लेमचे सहकारी घर आणि आपल्या सोसायटीचे दार

मुंबई-पुण्यात वन बीएचके बघायला गेलेल्या आपल्या पोराला एजंट आधी बजेट विचारतो, मग आडनाव. आडनावावरून कळले नाही तर गाव, आणि तेवढ्यानेही भागले नाही तर "व्हेज की नॉनव्हेज?" शेवटी उत्तर ठरलेले असते: "सोसायटीवाले तयार नाहीत." ही सोसायटी म्हणजे कायद्याच्या भाषेत सहकारी गृहनिर्माण संस्था. 'सहकार' या शब्दाची गोडी एवढी आहे की त्याच्या आड चाललेला बहिष्कार आपल्या नजरेतून सुटतो. म्हणूनच न्यूयॉर्कमधील हार्लेमचा इतिहास आपण वाचला पाहिजे.

बाबासाहेब 1913 ते 1916 कोलंबिया विद्यापीठात शिकले. हार्लेम त्याला लागूनच आहे. त्याच काळात दक्षिणेतील वंशद्वेषाला कंटाळून कृष्णवर्णीय माणसे उत्तरेकडे येत होती. 1917 मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने वर्णानुसार वस्त्या ठरवणारे नगरपालिकांचे नियम रद्द केले. मग गोऱ्या मालकांनी काय केले? कायदा गेला, तर खाजगी करार आणले: हे घर कृष्णवर्णीयाला विकायचे नाही, भाड्यानेही द्यायचे नाही. 1948 पर्यंत न्यायालये अशा करारांची अंमलबजावणी करून देत होती. दुसरीकडे दार बंद असल्यामुळे माणसे हार्लेममध्ये कोंबली गेली आणि घरमालकांनी त्याच अडचणीवर भाडी वाढवली.

या पार्श्वभूमीवर 1926 ते 1928 या काळात 'डनबार अपार्टमेंट्स' उभे राहिले. पॉल लॉरेन्स डनबार या कृष्णवर्णीय कवीचे नाव, मध्ये बाग, भोवती सहा इमारती, 511 घरे. रहिवाशांनी हप्त्याहप्त्याने भागधारक व्हायचे, अशी सहकारी योजना होती. डब्ल्यू. ई. बी. दुबॉइस आणि कामगार नेते ए. फिलिप रँडॉल्फ इथे राहिले. उत्तर ध्रुवाच्या मोहिमेवर गेलेले मॅथ्यू हेन्सनही इथलेच रहिवासी.

पण पैसा जॉन डी. रॉकफेलर ज्युनियर यांचा होता. मंदी आली, नोकऱ्या गेल्या. कामावर सगळ्यात शेवटी घेतले जाणारे सगळ्यात आधी काढले गेले. हप्ते थकले आणि 1936 मध्ये रॉकफेलर यांनी गहाणखताचा हक्क वापरून इमारती ताब्यात घेतल्या. रहिवाशांचे भरलेले पैसे परत मिळाले, पण मालकीचे स्वप्न संपले. भागधारक पुन्हा भाडेकरू झाले. दात्याचा हेतू चांगला असेलही. पण कर्जाची दोरी ज्याच्या हातात, घर त्याचे.

याच हार्लेममध्ये चाळीस वर्षांनी दुसरा अध्याय घडला. 1970 च्या दशकात मालकांनी इमारती वाऱ्यावर सोडल्या आणि थकलेल्या करापोटी त्या महापालिकेकडे आल्या. रहिवाशांनी संघटना करून कारभार शिकून घेतला आणि शेकडो इमारती प्रत्येक घरामागे अवघ्या 250 डॉलरना विकत घेऊन सहकारी केल्या. इथे दाता नव्हता, संघटना होती.

आता आपल्याकडे या. 1915 मध्ये मुंबईच्या गावदेवीत सारस्वत सहकारी गृहनिर्माण संस्था स्थापन झाली. मुंबईतील गृहनिर्माण सहकाराचा आरंभच जातीच्या नावाने झाला. 2005 मध्ये झोरोस्ट्रियन सोसायटीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सदस्यत्व एका समाजापुरते ठेवणारा पोटनियम वैध ठरवला.

कोणी म्हणेल, मग डनबारही एकाच समाजाचे नव्हते का? होते. 1934 मध्ये दुबॉइस यांनी कृष्णवर्णीयांनी स्वतःच्या सहकारी संस्था उभाराव्यात असे मांडले, तेव्हा त्यांच्याच चळवळीत वादळ उठले. पण फरक सोपा आहे. ज्याला सगळीकडून हाकलले आहे त्याने छप्पर शोधणे आणि ज्याच्याकडे सगळी छपरे आहेत त्याने दार लावणे, या दोन गोष्टी एकाच तराजूत तोलता येत नाहीत. बाबासाहेबांनी 1947 च्या 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज'मध्ये घर नाकारण्याला सामाजिक बहिष्काराच्या व्याख्येत धरले होते आणि बहिष्कार हा गुन्हा मानला होता. घर नाकारणे ही खाजगी आवडनिवड नाही, हे त्यांना तेव्हाच दिसले होते.

न्यूयॉर्कच्या को-ऑपमध्ये मंडळ कारण न सांगता खरेदीदाराला नाकारू शकते. 1968 पासून वंशभेदाला कायद्याने बंदी आहे, पण कारणच न सांगितल्यावर भेदभाव सिद्ध कसा करणार? महाराष्ट्राच्या 1960 च्या सहकारी संस्था कायद्यात मात्र पुरेशा कारणाशिवाय सदस्यत्व नाकारता येत नाही. नकार कारणासह कळवावा लागतो. तीन महिन्यांत काहीच कळवले नाही तर अर्जदार सदस्य मानला जातो. नकाराविरुद्ध निबंधकाकडे अपील करता येते. भाडेकरूला हे कवच नाही, आणि ती लढाई बाकी आहे.

म्हणून मित्रांनो, तोंडी नकार ऐकून जिना उतरू नका. लेखी अर्ज द्या, पोच घ्या, तारीख लिहून ठेवा. आणि आपण सोसायटी उभारू तेव्हा कर्जाचे आणि हिशेबाचे कागद आपल्या हातात ठेवू, पण दारावर आडनावाची चाळणी लावणार नाही. 1946 मध्ये बाबासाहेबांनी दुबॉइस यांना पत्र लिहिले, ते दोन्ही लढ्यांचे नाते ओळखून. हार्लेमचा धडा त्या नात्याने आपलाही आहे.

जयभीम!