खोटे भय, खरा धोका

पैसे मोजून भय विकत घेण्याची हौस माणसाला फार जुनी आहे. जत्रेतल्या लाकडी पाळण्यात बसलेले पोर पाळणा वर जाऊ लागताच डोळे गच्च मिटते, आईचा पदर मुठीत धरते, आणि खाली उतरल्याबरोबर आणखी एका फेरीसाठी हट्ट धरते. या हट्टामागे एक अलिखित करार असतो. भय खरे वाटावे, पण खरे असू नये, हा तो करार. पाळणेवाला भय विकतो आणि त्याबरोबर न बोलता एक हमीही देतो की, खाली उतरताना माणूस चढला तसाच धडधाकट उतरेल. करमणुकीच्या यंत्रांचा इतिहास सांगताना लोक उंचीचे व वेगाचे आकडे सांगतात. परंतु या यंत्रांचा खरा इतिहास त्या हमीचा आहे. ती कशी दिली गेली, कशी मोडली आणि मोडल्यावर कोणी कोणाला जाब विचारला, हे पाहणे अधिक उद्बोधक ठरते.

या खेळाचा उगम रशियातील बर्फात सापडतो. सेंट पीटर्सबर्गच्या परिसरात हिवाळ्यात उंच लाकडी मांडव उभारीत, त्यांच्या उतारावर पाणी ओतून ते गोठू देत, आणि त्या बर्फावरून छोट्या घसरगाड्यांत बसून लोक वेगाने खाली येत. राजघराण्यातील मंडळींनाही या खेळाचे वेड होते. पुढे ही कल्पना फ्रान्समध्ये गेली. तेथे बर्फाचा भरवसा नव्हता, म्हणून गाड्यांना चाके लावावी लागली. १८१७ साली पॅरिसमध्ये असे दोन खेळ सुरू झाले. त्यांपैकी बेलव्हील येथील खेळाचे नावच मुळी ‘रशियन पर्वत’ असे होते. फ्रेंच आणि स्पॅनिश भाषांत आजही रोलर कोस्टरला ‘रशियन पर्वत’च म्हणतात, आणि गंमत अशी की, खुद्द रशियात त्याच खेळाला ‘अमेरिकन टेकड्या’ म्हणतात. भयाचे श्रेय घ्यावयास कोणतेच राष्ट्र फारसे उत्सुक नसावे! बेलव्हीलच्या गाड्यांत मात्र एक गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी होती. गाडी रुळावरून उडू नये म्हणून तिच्या चाकांचे आस बाजूच्या फळीतील खाचेत अडकवलेले असत. वेगाबरोबरच वेगाला आवर घालण्याची युक्तीही जन्माला आली होती.

या खेळाला व्यापाराचे रूप मिळाले ते अमेरिकेत. पेनसिल्व्हेनियातील माउख चंक या गावी १८२७ मध्ये कोळसा वाहण्यासाठी उतारावरचा लोहमार्ग बांधण्यात आला. भरलेल्या गाड्या आपल्या वजनाने खाली जात आणि रिकाम्या गाड्या खेचरे वर ओढून आणीत. कोळशाचा व्यवहार पुढे दुसऱ्या मार्गाने होऊ लागला, पण गाड्यांतून हौसेने जाणाऱ्यांची गर्दी ओसरली नाही. हे तत्त्व उचलून लामार्कस थॉम्प्सन याने १८८४ साली न्यूयॉर्कजवळच्या कोनी आयलंड येथे सहाशे फूट लांबीचा मार्ग उभारला. वेग ताशी सुमारे सहा मैल, म्हणजे सायकलवाल्याहूनही कमी, आणि भाडे पाच सेंट. तरीही लोकांची रीघ लागली.

दुसऱ्याच वर्षी गाड्या यंत्राने चढणीवर ओढून नेण्याची सोय निघाली. चढण उंच झाली, उतार तीव्र झाला, आणि त्याबरोबर एक नवा धोका निर्माण झाला. साखळी किंवा दोर मध्येच सुटला तर गाडी उलट्या दिशेने घरंगळणार! जॉन मिलर या अमेरिकन यंत्रविशारदाने १९१० च्या सुमारास यावर जी युक्ती प्रचारात आणली, ती आपल्याकडच्या कोणत्याही लोहाराला पटावी इतकी सोपी आहे. चढणीच्या मधोमध एक दातेरी पट्टी बसवावयाची आणि गाडीच्या तळाशी एक खिटी ठेवावयाची. गाडी वर जाताना खिटी एकेका दात्यावरून घसरत पुढे जाते. मागे यावयास लागली तर लगेच दात्यात अडकते. जुन्या धर्तीच्या रोलर कोस्टरची गाडी चढताना जो ‘खट् खट्’ असा आवाज येतो, तो या खिटीचाच. वर बसलेल्यांना त्या आवाजाने धडकी भरते. वस्तुतः तो आवाज अभयाचा आहे. याच मिलरने १९१९ मध्ये रुळाच्या खालच्या अंगाला धरून धावणाऱ्या चाकांचे पेटंट घेतले. त्यामुळे गाडी रुळावरून उचलली जाणे अशक्यप्राय झाले, आणि त्याच कारणाने उतार आणखी तीव्र करणे शक्य झाले. सुरक्षिततेचे प्रत्येक साधन नव्या साहसाला निमंत्रण देते, हा या इतिहासातील पहिला धडा होय.

दुसरा धडा गणिताचा आहे. १८९५ मध्ये कोनी आयलंडलाच ‘फ्लिप फ्लॅप’ नावाचा एक मार्ग सुरू झाला. त्यात गाडी उभ्या वर्तुळातून पूर्ण कोलांटी घेत असे. माथ्यावर गाडी पडू नये एवढा वेग तिला असावयास हवा, आणि तेवढा वेग असला म्हणजे वर्तुळाच्या तळाशी माणसाला आपले वजन निदान सहापट झाल्याचा भास होतो. सरळ रुळावरून एकदम वर्तुळात शिरताना हा भार क्षणात मानेवर येई. लोकांच्या माना लचकल्या, पाठी दुखावल्या, आणि थोड्याच वर्षांत तो खेळ बंद पडला. १९०१ मध्ये एडविन प्रेस्कॉट याने वर्तुळाऐवजी लंबगोल आकार वापरून त्रास पुष्कळ कमी केला, परंतु गाडीत बसण्यापेक्षा बाहेर उभे राहून पाहण्यातच लोकांना अधिक रस वाटला. योग्य उत्तर मिळावयास १९७६ साल उजाडावे लागले. त्या वर्षी कॅलिफोर्नियातील एका उद्यानात वेर्नर श्टेंगेल या जर्मन अभियंत्याने हळूहळू आवळत जाणारी वक्ररेषा वापरून कोलांटी बसवली. ही वक्ररेषा काही नवी नव्हती. सरळ रुळावरून वळणावर जाताना प्रवाशांना हिसका बसू नये म्हणून रेल्वेचे अभियंते ती पूर्वीपासूनच वापरीत आले होते. म्हणजे ज्ञान उपलब्ध होते. ते खेळाच्या मैदानापर्यंत पोहोचावयास मात्र पाऊणशे वर्षे लागली.

यंत्राची चूक गणिताने सुधारता येते. माणसांच्या व्यवस्थेतील चूक सुधारणे त्याहून कठीण असते. लंडनच्या बॅटर्सी पार्कमधील अपघात या दृष्टीने अभ्यासण्यासारखा आहे. महायुद्धाच्या झळांतून सावरणाऱ्या ब्रिटिश जनतेचे मन रमावे म्हणून १९५१ मध्ये ‘फेस्टिव्हल ऑफ ब्रिटन’ हा राष्ट्रीय महोत्सव भरवण्यात आला. त्याचाच एक भाग म्हणून टेम्स नदीच्या काठी करमणुकीचे उद्यान उभे राहिले. महोत्सव संपला, पण उद्यान राहिले. तेथील ‘बिग डिपर’ हा लाकडी सांगाड्यावरचा रोलर कोस्टर लंडनच्या मुलांचा लाडका होता. ३० मे १९७२ रोजी मुलांनी भरलेली गाडी चढणीवर ओढली जात असताना दोरापासून सुटली आणि मागे सरकू लागली. अशा वेळी तिला अडवण्यासाठी असलेली योजना चालली नाही. गाडी उलटी धावत खाली आली आणि मागचा डबा रुळावरून उसळून कठड्यावर आदळला. पाच मुले प्राणास मुकली, तेरा जखमी झाली. ज्या खिटीच्या भरवशावर या खेळाचा साठ वर्षांचा व्यापार उभा होता, तीच ऐन वेळी दगा देऊन गेली.

उद्यानाचा व्यवस्थापक आणि अभियंता यांच्यावर सदोष मनुष्यवधाचा खटला चालला. १९७३ मध्ये दोघेही निर्दोष सुटले. १९७४ मध्ये ते उद्यान कायमचे बंद झाले. न्यायालयाने दोघांना दोषी धरले नाही, म्हणजे कोणीच जबाबदार नव्हते असा त्याचा अर्थ होत नाही. एका माणसाचा गुन्हा सिद्ध करणे ही एक गोष्ट, आणि व्यवस्थेतील दोष दाखवणे ही दुसरी. फौजदारी कायदा हात शोधतो. परंतु अपघात पुष्कळदा अनेक हातांनी थोडे थोडे सोडून दिल्यामुळे होतो.

हा फरक ओळखणारा कायदा ब्रिटनमध्ये त्याच सुमारास आकाराला येत होता. त्या देशातील कारखानेविषयक कायद्यांना शतकाहून अधिक काळाची परंपरा होती. पण ते कायदे मुख्यतः कामगारांचे रक्षण करीत. पाळणा फिरवणाऱ्या नोकराचा विचार त्यांत होऊ शके. पाळण्यात बसलेल्या मुलाचा विचार मात्र नव्हता. लॉर्ड रोबेन्स यांच्या अध्यक्षतेखालील समितीने १९७२ मध्ये आपला अहवाल दिला आणि त्यावरून १९७४ चा आरोग्य व सुरक्षितता कायदा झाला. समिती १९७० मध्येच नेमली गेली होती, तेव्हा बॅटर्सीच्या अपघातामुळे हा कायदा झाला असे म्हणणे इतिहासाला धरून होणार नाही. तथापि त्याच्या तिसऱ्या कलमाने मालकावर आपल्या नोकरांखेरीज इतर लोकांच्या सुरक्षिततेचीही जबाबदारी टाकली, आणि करमणुकीसाठी आलेले मूल प्रथमच कायद्याच्या छत्राखाली आले.

या कलमाचे महत्त्व चाळीस वर्षांनंतर प्रत्ययास आले. २ जून २०१५ रोजी इंग्लंडमधील आल्टन टॉवर्स या उद्यानात ‘स्मायलर’ नावाच्या रोलर कोस्टरवर एक रिकामी गाडी मार्गात अडकून पडली. नियंत्रण-यंत्रणेने हे बिनचूक ओळखले आणि मागची गाडी थांबवून धरली. परंतु यंत्रच चुकते आहे अशी तंत्रज्ञांची समजूत झाली. त्यांनी यंत्रणेचा अडसर हाताने दूर केला, आणि सोळा माणसे असलेली गाडी रिकाम्या गाडीवर जाऊन आदळली. दोन तरुणींना एकेक पाय गमवावा लागला. अडकलेल्यांना खाली उतरवण्यास चार तासांहून अधिक वेळ लागला. बॅटर्सीला खिटीने काम केले नाही; येथे खिटीने काम केले होते, माणसांनीच ती उचलली. या वेळी खटला तंत्रज्ञांवर न होता कंपनीवर झाला. कामाची पद्धतच सदोष होती, हे कंपनीने मान्य केले, आणि २०१६ मध्ये तिला पन्नास लाख पौंडांचा दंड झाला.

अमेरिकेने वेगळी वाट धरली. १९८१ मध्ये तेथील काँग्रेसने कायम स्वरूपाच्या उद्यानांवरील देखरेखीचा अधिकार केंद्रीय आयोगाकडून काढून घेतला. गावोगाव फिरणारे पाळणे केंद्राच्या कक्षेत राहिले, पण एकाच जागी उभे असलेले पाळणे ज्या त्या राज्याच्या मर्जीवर सोडले गेले. याचा परिणाम कॅन्सस राज्यात दिसला. तेथे २०१४ मध्ये एकशे अडुसष्ट फूट उंचीची पाण्याची घसरगुंडी सुरू झाली. उद्यानांनी आपली तपासणी आपणच करावी, एवढ्यावर त्या राज्याचा कायदा समाधानी होता. ७ ऑगस्ट २०१६ रोजी या घसरगुंडीवर दहा वर्षांचा एक मुलगा मृत्यू पावला. पुढच्याच वर्षी राज्याने कायदा कडक केला. कायदा करावयास एका मुलाचा जीव जावा लागणे, ही कोणत्याही राज्यकारभारास भूषणावह गोष्ट नव्हे.

भारतात मोठी करमणूक-उद्याने तुलनेने उशिरा आली. दिल्लीत १९८४ मध्ये अप्पू घर, मुंबईजवळ गोराईस १९८९ मध्ये एस्सेलवर्ल्ड, आणि कोलकात्यात १९९१ मध्ये निक्को पार्क सुरू झाले. जत्रेतल्या हाताने फिरवावयाच्या पाळण्यांची जागा हळूहळू विजेच्या यंत्रांनी घेतली. यंत्रे आली, तसे त्यांचे धोकेही आले. १४ जुलै २०१९ रोजी अहमदाबादच्या कांकरिया तलावाजवळ लंबकासारखा झुलणारा एक भव्य पाळणा मधल्या खांबापाशी तुटून खाली कोसळला. दोघांचा मृत्यू झाला आणि पंचवीसहून अधिक माणसे जखमी झाली. रविवारची संध्याकाळ होती, आणि माणसे घरच्या मंडळींसह आली होती. त्याआधी बारा वर्षे, ५ मे २००७ रोजी, जपानमधील ओसाका येथे रोलर कोस्टरचा एक आस मोडून एका तरुणीचा जीव गेला होता. तो आस पंधरा वर्षांत एकदाही बदललेला नव्हता, असे पुढे उघडकीस आले. पोलाद थकते. वर्षानुवर्षे हिसके खाऊन त्यात केसाएवढी भेग पडते आणि ती आतल्या आत वाढत जाते. डोळ्यांना ती दिसत नाही, रंगाच्या हातांनी ती झाकते, आणि दाखल्यावरच्या सहीला तिचा पत्ता नसतो.

येथेच राज्यकारभाराचा खरा प्रश्न उपस्थित होतो. दाखला म्हणजे तपासणी नव्हे; तपासणी झाल्याची ती केवळ नोंद आहे. तपासणी न होताच नोंद झाली, तर दाखला नसल्यापेक्षा असणे अधिक घातक, कारण त्याच्या भरवशावर बाप आपल्या मुलाला उचलून पाळण्यात बसवतो. तपासणाऱ्याचे पोट मालकाच्या मर्जीवर अवलंबून नसावे. त्याला यंत्राचे ज्ञान असावे. आणि ‘आज हा पाळणा बंद ठेवा’ असे भर सुटीच्या दिवशी सांगण्याचा अधिकार व धैर्य त्याच्या ठायी असावे. दोष बसणाऱ्याच्या अवखळपणावर ढकलण्याची प्रथा जुनी आहे. पण मुले उभी राहणार, हात बाहेर काढणार, हे पाळणा बांधणाऱ्याला ठाऊक असतेच. ते ध्यानी घेऊनच पाळणा बांधणे हे त्याचे कर्तव्य होय.

सर्व हिशेब करता असे अपघात विरळाच घडतात. लक्षावधी माणसे दर वर्षी या यंत्रांत बसतात आणि हसत घरी जातात. परंतु ते विरळ राहिले आहेत याचे कारण दैव नव्हे. कोणीतरी सकाळी उद्यान उघडण्यापूर्वी दिवा घेऊन रुळाखाली वाकतो, प्रत्येक खिळा हाताने चाचपतो, झिजलेली खिटी काढून नवी बसवतो. वर बसलेल्या मुलाला तो दिसत नाही. त्याला ऐकू येतो तो फक्त चढणीवरचा ‘खट् खट्’ आवाज. तो आवाज ज्या दिवशी खोटा ठरतो, त्या दिवशी खोटे भय खरे होते.