कोठीचे दान आणि बैठकेची वही

या स्मरणिकेसाठी समितीने आम्हा शिक्षिकांना विषय दिला होता, 'आमचे दाते'. यादी करायची, प्रत्येकाविषयी चार ओळी लिहायच्या आणि आभार मानायचे. आम्ही यादी करायला बसलो आणि पहिल्याच नावापाशी थांबलो. गेल्या पंधरा वर्षांत आमच्या मंडळीला सर्वांत मोठी मदत झाली ती एका साखर कंपनीच्या फाउंडेशनकडून, आणि त्याच कंपनीच्या जमिनीवर आमच्या पणजोबांनी ऊस तोडला होता. एका सभासदाने विचारले, "त्यांचे आभार मानायचे, की त्यांना हिशेब विचारायचा?" दुसरे म्हणाले, "चतुर्थी तोंडावर आली आहे, वाद नको." म्हणून यादी बाजूला ठेवली. तिच्याऐवजी कोठीचे देणे आमच्यापर्यंत कोणत्या वाटेने येत गेले आणि ते कोणाला मिळावे हे कोण ठरवत गेले, याचा थोडा इतिहास लिहीत आहोत.

आमच्या बेटावर साखरेच्या इस्टेटीला कोठी म्हणतात, हे तरुण वाचकांसाठी सांगावे लागते.

२ नोव्हेंबर १८३४ रोजी 'ॲटलस' जहाजातून पोर्ट लुईसला उतरलेले छत्तीस मजूर कलकत्त्याहून आले होते. आमची माणसे पुढच्या वर्षांत मुंबई बंदरातून आली, बहुतेक कोकणातली आणि घाटावरची. करार पाच वर्षांचा. पुरुषाला महिना पाच रुपये आणि वर शिधा: तांदूळ, डाळ, मीठ. शिधा हा पगाराचाच भाग होता, त्याला कोणी दान म्हणत नव्हते. पण तो मिळायचा कोठीच्या कोठारातून, सरदाराच्या डोळ्यांसमोर. एक दिवस कामावर गेले नाही तर दोन दिवसांची मजुरी कापत. कोठीवर इस्पितळ ठेवणे मालकाला कायद्याने भाग होते, तरी आजाऱ्याने तिथे जायचे की नाही हे त्याच्या मनावर नसे. हक्काची वस्तू मेहेरबानीसारखी हातात पडायची, ही सवय तिथूनच लागली. १८७१ साली आदोल्फ द प्लेव्हिट्झ यांनी जुन्या मजुरांचा अर्ज गव्हर्नरपुढे नेला. त्यावर ९,४०१ जणांची नावे होती. शाळेत हा धडा शिकवताना आम्ही मुलांना नेहमी तो आकडा फळ्यावर लिहायला लावतो. त्यापुढच्या वर्षी शाही चौकशी आयोग आला, आणि शिधा, मजुरी, इस्पितळ यांतले बरेच काळेबेरे कागदावर आले.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस कोठ्यांनी आपल्या कडेच्या, कमी पिकणाऱ्या जमिनी तुकडे पाडून विकायला काढल्या. क्रिओलमध्ये त्याला मोर्सेल्मां म्हणतात. जुन्या मजुरांनी पैसा पैसा जोडून ते तुकडे घेतले आणि कॅम्पाबाहेर गावे वसली. अशा गावात पहिली सामाईक जागा उभी राहिली ती बैठका. संध्याकाळी तिथे मुलांना अक्षरओळख व्हायची, शनिवारी भजन, चतुर्थीला गणपती. आमच्या बैठकेची एक वही अजून मंडळीच्या कपाटात आहे. वाळवीने कडा खाल्ल्या आहेत, पण मधली पाने वाचता येतात. मोडीतली काही पाने आम्हाला लागत नाहीत, बाळबोध पाने लागतात.

ही वही आम्ही या वर्षी पहिल्यांदा नीट वाचली. डाव्या पानावर देणाऱ्यांची नावे: कोणी आठ आणे, कोणी दोन पौंड तांदूळ, कोणी एक दिवसाची मजुरी, कोणी कौले शाकारायला दोन माणसे. उजव्या पानावर खर्च. बैठकेचे छप्पर, दिव्याचे तेल, पाट्या. आणि अधूनमधून एक ओळ येते, 'एका घरास तांदूळ', 'एका घरास कापड', 'एका घरास प्रेतकार्यासाठी'. कोणत्या घरास ते कुठेच लिहिलेले नाही. देणाऱ्याचे नाव आहे, घेणाऱ्याचे नाही. आम्ही पाने उलटून पाहिली, एकाही ठिकाणी ही रीत मोडलेली नाही.

या रीतीचे आम्ही उगाच गोडवे गात नाही. 'एक घर' कोणते हे चार-पाच पुरुष ठरवत. ज्या बाईचे सासर त्या चौघांशी भांडलेले, तिच्या घरी तांदूळ गेला असेल का, हे वहीत दिसत नाही. आमच्या आज्यांच्या गोष्टी ऐकल्या तर उत्तर सुचते.

कोठीचे देणे या काळात मॅनेजरच्या मर्जीवर चाले. चतुर्थीला लाकूड हवे, मिरवणुकीला बैलगाडी हवी, की सरदारामार्फत विचारायचे. मिळाले तर सलाम, नाही मिळाले तरी सलाम. मग १९३७ साल आले, युनियन फ्लाकच्या कोठीवर मजुरांवर गोळ्या झाडल्या गेल्या. १९४३ च्या सप्टेंबरात बेल व्ह्यू हारेल इथे पुन्हा गोळीबार झाला. मेलेल्यांत अंजली कुपेन ही गरोदर तरुणी होती. यानंतर पाच वर्षांनी, १९४८ मध्ये, साखर उद्योग कामगार कल्याण निधीचा कायदा झाला. साखरेवरच्या उपकरातून पैसा जमा करायचा आणि मजुरांच्या कल्याणावर खर्च करायचा. गावोगावी केंद्रे बांधली गेली. आमच्यापैकी तिघींच्या आया अशाच केंद्रात शिलाई शिकल्या. शिवलेल्या परकराच्या मापाची कागदी कात्रणे त्यांनी कितीतरी वर्षे जपून ठेवली होती. तिथे जाताना सरदाराला विचारावे लागत नव्हते. आमच्या मते या सगळ्या इतिहासातली ही सर्वांत मोठी पायरी आहे, आणि तिच्याविषयी आमच्या समारंभांत फारसे कोणी बोलत नाही.

पुढचे थोडक्यात. युरोपने साखरेला देत असलेला भाव उतरवला, यंत्रे आली, २००१ पासून स्वेच्छानिवृत्तीच्या योजना आल्या, आणि रोख रक्कम व जमिनीचा लहान तुकडा घेऊन हजारो मजूर कोठीबाहेर पडले. एकामागून एक कारखाने बंद होत गेले. आज बेटावर तीनच चालतात. उसाच्या शेतांवर घरे, मॉल, शाळा उठल्या.

अशा वेळी २००९ चा कायदा आला. नफा करणाऱ्या प्रत्येक कंपनीने दोन टक्के रक्कम सामाजिक कामावर खर्च करायची. लोक त्याला सी.एस.आर. म्हणतात. जुन्या साखर कंपन्यांपैकी अनेकांनी त्यासाठी स्वतःची छोटी फाउंडेशने काढली. बाहेरून नाव मोठे वाटते. आम्ही ज्या फाउंडेशनकडे गेलो तिथे दोन खोल्या, एक अधिकारी बाई आणि एक मदतनीस एवढाच पसारा होता. पैसे वाटण्याचा निर्णय कंपनीच्याच वरिष्ठांची समिती घेई, वर्षातून तीन-चार बैठकांत. अर्ज इंग्रजीत किंवा फ्रेंचमध्ये. बाई आमच्याशी क्रिओलमध्ये बोलल्या, आम्ही अर्ज इंग्रजीत लिहिला आणि घरी येऊन मराठीत एकमेकींना समजावला.

तिथे तीन गोष्टी कळल्या. पहिली, नकाशा. भिंतीवर परिसराचा नकाशा होता आणि त्यावर एक रेघ. रेघेच्या आतल्या गावांनाच मदत. 'स्थानिक' या शब्दाचा अर्थ तिथे ती रेघ असा होता. आमच्यातल्या एकीने जवळ जाऊन पाहिले आणि हळूच म्हणाली, "ही तर जुन्या कोठीची हद्द." ती अगदी तंतोतंत तीच होती असे नाही, पण बरीचशी होती. जी गावे कंपनीच्या शेजारी, कंपनीच्या रस्त्यावर, कंपनीच्या नव्या घरांच्या कुंपणाला लागून, ती आत. डोंगरापलीकडचे आमच्याच भाऊबंदांचे गाव बाहेर.

दुसरी, धर्म. सी.एस.आर.चा पैसा धार्मिक कामाला देता येत नाही, हा नियमच आहे, आणि आम्हाला तो योग्य वाटतो. पण आमच्या बैठकेत एका बाजूला गणपतीचे देवघर आणि दुसऱ्या बाजूला मुलांचा वर्ग, मध्ये भिंतही नाही. आमचे पूर्वज वेगवेगळ्या इमारती बांधण्याइतके श्रीमंत नव्हते. छपराच्या पत्र्याचा अर्ज परत आला. पत्रा कोणाच्या डोक्यावर येणार, देवाच्या की मुलांच्या, हे त्यांना ठरवता येईना. त्या बाईंनीच मार्ग सुचवला: छप्पर सोडा, वर्गासाठी मागा. मागितले आणि मिळाले. बाके, पांढरा फळा, आणि दुपारी साडेतीननंतर येणाऱ्या तेवीस मुलांसाठी पाव, चीज आणि दूध. पैसे आमच्या हातात दिले नाहीत, थेट बेकरीला आणि दुकानाला दिले. वर्षअखेर फोटो मागितले. फोटोत फळ्यावर फाउंडेशनचे चिन्ह दिसायला हवे होते.

या वर्गाने काय केले ते आम्ही आकड्यांत सांगू शकत नाही. सहावीच्या परीक्षेला घाबरून शाळा चुकवणारी मुले चुकवेनाशी झाली, एवढे आम्ही डोळ्यांनी पाहिले. आमच्या भागातल्या सरकारी शाळांत अशी मुले नेहमीच असतात. २००३ पासून सरकारने सर्वांत कमी निकालाच्या शाळांसाठी झेप योजना चालवली, पण आमची शाळा तिच्यात बसण्याइतकी वाईट नव्हती. मधल्या मुलांना कोणतीच योजना दिसत नाही.

तिसरी गोष्ट कळायला दोन-तीन वर्षे गेली. डिसेंबर २०१६ मध्ये राष्ट्रीय सी.एस.आर. फाउंडेशन स्थापन झाले, आणि २०१७ पासून कंपन्यांना आपल्या दोन टक्क्यांतला निम्मा भाग करखात्यामार्फत सरकारकडे भरावा लागू लागला. २०१९ पासून पंचाहत्तर टक्के. म्हणजे जिथे शंभर रुपये होते तिथे छोट्या फाउंडेशनच्या हाती पंचवीस उरले. मागणारे तेवढेच राहिले. यात नुसते वाईट झाले असे आम्ही म्हणणार नाही. डोंगरापलीकडच्या त्या गावाला रेघेबाहेर असूनही मागायला एक दार मिळाले, आणि हे दार कोणत्याही मालकाचे नाही. पण आमच्या वर्गाचे दूध बंद झाले.

बाई स्वतः सांगायला आल्या. म्हणाल्या, उरलेला पैसा समिती आता सामाजिक नोंदवहीत नाव असलेल्या कुटुंबांसाठी राखणार आहे. तुमच्या तेविसांपैकी किती?

चार.

त्या संध्याकाळी बैठकेत जो वाद झाला तसा आम्ही पूर्वी ऐकला नव्हता. काही पालक पात्र होते पण त्यांनी नाव नोंदवले नव्हते. तरुण सभासद म्हणाले, घरोघर जाऊ, फॉर्म भरून घेऊ, बारा-तेरा तरी होतील, पैसा हक्काचा आहे. हे बरोबरच होते. हक्काची वस्तू मेहेरबानी समजून सोडून द्यायची नाही, हेच तर आम्ही वर लिहिले आहे. पण एका आईने विचारले, "नोंदणीला बाई येणार, पत्रा मोजणार, भांडी बघणार. मग दूध मिळणाऱ्या चारांच्या बाकावर माझा मुलगा बसणार. बाकीचे एकोणीस काय बघत बसणार?" कोणाला उत्तर देता आले नाही. आम्ही शिक्षिका रोज वर्गात पाहतो, कोणत्या मुलाला कोणती वस्तू फुकट मिळाली हे मुलांना दुसऱ्या दिवशी माहीत असते.

शेवटी आम्ही दोन गोष्टी केल्या. ज्या घरांना हवे होते त्यांचे फॉर्म भरायला आमच्यातल्या दोघी त्यांच्याबरोबर गेल्या. हे त्यांच्यासाठी होते, वर्गासाठी नाही, आणि कोण गेले ते आम्ही मंडळीत सांगितले नाही. आणि फाउंडेशनला लिहिले की चार मुलांसाठी वेगळे दूध आम्हाला नको. समितीतले काही जण यावर अजून रागावलेले आहेत. त्यांचे म्हणणे असे की आमच्या मानापायी चार मुलांचे दूध गेले. ते चूक आहेत असे आम्ही छातीठोकपणे म्हणू शकत नाही.

फाउंडेशन आता वर्षातून एकदा सहलीची बस देते, सगळ्या तेवीस जणांना. मागच्या वेळी मुले आप्रवासी घाटावर गेली, सोळा पायऱ्या चढून आली. पाव आणि दूध मंडळी आणते. चतुर्थीच्या वर्गणीतून थोडे, आणि निवृत्त झालेले एक काका महिन्याच्या पहिल्या शनिवारी बेकरीत पैसे भरून येतात. त्यांनी नाव छापू नका म्हणून सांगितले आहे.

हिशेबासाठी आम्ही नवी वही घातली आहे. डाव्या पानावर देणाऱ्यांची नावे आहेत आणि त्यात फाउंडेशनही आहे, तारखेसह: 'बस, एक दिवस'. उजव्या पानावर लिहिले आहे, 'मुलांस पाव, दूध'.