जुन्या मोटारीतील नवा उजेड

दसऱ्याला कोल्हापूरच्या दसरा चौकात छत्रपतींची जुनी मेबॅक मोटार येते, तेव्हा आम्ही तिचा डौल पाहतो. त्या काळच्या मोटारींत डॅशबोर्डच्या काट्यांमागे तापल्या तारेचा पिवळसर उजेड असे. १९६२ साली निक होलोन्याक यांनी तांबडा एलईडी दिवा सिद्ध केला. १९९३ साली शुजी नाकामुरा यांनी तेजस्वी निळा साधला आणि त्यातूनच पांढरा उजेड लाभला. हौशी मंडळी आज जुन्या मोटारींत तोच बसवितात. वीज थोडी लागते, तबकडी तापत नाही; पण जुनी छटा हरपते. आमचे म्हणणे एवढेच : नवा दिवा खुशाल लावा, मात्र मूळ तारा तोडू नका, जुना बल्ब जपून ठेवा. पुढच्या पिढीला तो उजेड पुन्हा लावून पाहता आला पाहिजे.