विंचू पाळणे

विंचू पाळणे : काचेच्या पेटीत माती-वाळू घालून विंचू निरीक्षणासाठी ठेवण्याचा छंद. अमेरिकेत यासाठी ॲरिझोनाच्या वाळवंटातला केसाळ विंचू (हॅड्रुरस ॲरिझोनेन्सिस) लोकप्रिय आहे. तो १४ सेंमी.पर्यंत वाढतो, पण त्याचे विष सौम्य असते.

छत्रपती संभाजीनगरच्या परिसरात मात्र कुणी विंचू घरी आणलाच, तर तो बहुधा माळावरच्या दगडाखालून आणलेला असणार. त्यामुळे इथे ओळख चुकणे जिवावर बेतू शकते. इंगळी काळी, थोराड आणि जाडजूड चिमट्यांची असते. तिच्या दंशाने कळा येतात, जीव सहसा जात नाही. लाल विंचू (हॉटेनटोटा टॅम्युलस) तांबूस, लहानखुरा असतो. त्याचे चिमटे बारीक आणि शेपूट त्या मानाने जाड असते. विटांचे ढीग, भिंतींच्या भेगा, शेतातले दगड ही त्याची ठिकाणे. जगातल्या अतिविषारी विंचवांत तो मोडतो. हा विंचू घरात ठेवू नये, डबा कितीही घट्ट असला तरी.

इंगळीला बीळ करता येईल इतकी खोल, किंचित ओलसर माती, आडोशाला खापर आणि उथळ पाणी लागते. आठवड्याला एखादा नाकतोडा किंवा झुरळ पुरते. कात टाकताना तिचे अंग मऊ पडते, तेव्हा भक्ष्य आत ठेवू नये. विंचू पिल्लांना जन्म देतो. पांढुरकी पिल्ले पहिली कात टाकेपर्यंत आईच्या पाठीवर दाटीने बसून असतात. अतिनील टॉर्चच्या उजेडात मोठ्या विंचवाचे अंग हिरवट-निळे चमकते. हे सारे विलक्षण देखणे असते, पण विंचू माणसाळत नाही. त्याला हातावर घेण्याचा हट्ट धरू नये.

लाल विंचवाच्या दंशावरील उपचार महाराष्ट्रातच घडले. जालना जिल्ह्यातील देहेड गावी जन्मलेले डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी महाड परिसरात रुग्णांजवळ बसून लक्षणे टिपली : दरदरून घाम, उलट्या, गार पडलेले हातपाय, मग फुप्फुसांत साठणारे पाणी. रक्तवाहिन्या सैल करणारे प्राझोसिन वेळीच दिल्यास रुग्ण वाचतात, हे त्यांनी व डॉ. प्रमोदिनी बावस्कर यांनी १९८६ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये मांडले. प्राझोसिनच्या जोडीला प्रतिविष दिल्यास रुग्ण अधिक लवकर सावरतो, असे त्यांच्या २०११ मधील चाचणीत दिसले. २०२२ मध्ये डॉ. हिंमतराव बावस्कर यांना पद्मश्री मिळाली. दंशानंतर घाम सुटला वा उलटी झाली, तर मंत्र-उताऱ्यात वेळ न दवडता रुग्णाला थेट रुग्णालयात न्यावे.